दृष्टीआडचा पाषाण

जपानातील क्योतो नगरीत र्योआनजी नावाचे बौद्ध मंदिर आहे. त्याची स्थापना १४५० साली झाली. तेथील प्रसिद्ध उद्यानात ना वृक्ष, ना फूल, ना पाण्याचा थेंब. सुमारे २५ मीटर लांब व १० मीटर रुंद अशा आवारात पांढरी खडी पसरलेली असून तीत १५ पाषाण मांडलेले आहेत. ओसरीवर कोठेही बसावे, एखादा पाषाण दृष्टीआड राहतोच. मनुष्यास पूर्णाचे दर्शन एकदम घडत नाही, असा बोध पाहणारे त्यातून घेतात.

परंतु तेथे आणखीही काही दृष्टीआड आहे. एका पाषाणाच्या पाठीवर दोन नावे कोरलेली आहेत. एक कोतारो, दुसऱ्यातील एक अक्षर नीट लागत नाही. ही नावे 'कावारामोनो' लोकांची असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात. कावारामोनो म्हणजे नदीकाठचे लोक. जनावरे मारणे व कातडी कमावणे हे त्यांचे काम. म्हणून समाज त्यांस अपवित्र मानी. माती, वृक्ष व पाषाण हलविण्यात मात्र त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

त्यांच्यातीलच झेनआमी हा शोगुन आशिकागा योशिमासा याच्या विशेष मर्जीतील उद्यानकार होता. त्याचा नातू माताशिरो याने १४८९ साली एका भिक्षूजवळ खंत व्यक्त केली की, आपण खाटकाच्या कुळात जन्मलो. म्हणून आपण कधीही जीवहत्या करणार नाही. ज्याच्या घराण्याने मंदिरांना शांतीची स्थाने दिली, त्याच्याच मनाला शांती नव्हती!

कोणी म्हणेल, साधनेच्या स्थानी कर्त्याने नाव पुसावे हेच उचित. हे मान्य आहे; परंतु नावाचा त्याग करणे निराळे आणि नाव हिरावले जाणे निराळे. पहिले वैराग्य होय, दुसरा अन्याय. ज्याला नाव धारण करण्याचा मानच कोणी दिला नाही, त्याने त्याग तरी कशाचा करावा? शोगुनाने कौशल्याचा गौरव केला, पण कुळावरचा डाग तसाच राहिला. कायद्याने हा भेद १८७१ साली रद्द झाला. मनांतून मात्र तो अद्यापही पुरता गेलेला नाही.

तो पाषाण दिसत नाही, हा दोष पाषाणाचा नव्हे, आपल्या आसनाचा आहे. चार पावले सरकून बसले की तो दिसू लागतो. मात्र तेव्हा दुसरा एखादा लपतो. म्हणून एकदा उठून भागत नाही. पवित्र स्थानी बसणाऱ्याने वारंवार आसन सोडून पाहावे, हेच त्या उद्यानाचे खरे सांगणे असावे.