खासगी आणि लपवलेलं

‘खेळाडूने खेळावं. घरात कुणाबरोबर राहतो, ते आम्हाला कशाला सांगायचं?’ पुण्यात येरवड्याच्या गुंजन चौकातल्या चहाच्या टपरीवर एका गृहस्थांचं हे बोलणं कानावर पडलं आणि डोक्यातून जाईना. शिवी असती तर सोडून दिली असती, पण हे सभ्य होतं.

विराट कोहलीने शतकानंतर गॅलरीतल्या अनुष्काकडे उडतं चुंबन फेकलं, तेव्हा ‘आम्हाला कशाला’ असं कुणी म्हटलं नाही. सानिया मिर्झाचं २०१० मधलं लग्न तर देशभर चघळलं गेलं. खासगी असणं निराळं, लपवावं लागणं निराळं. खासगी गोष्टीची किल्ली आपल्या हाती असते. लपवलेल्या गोष्टीची किल्ली, ज्याला ती कळते त्याच्या हाती जाते.

दुती चंदचं तेच झालं. जुलै २०१३ मध्ये ओडिशाच्या विणकर घरातली ही सतरा वर्षांची मुलगी बालेवाडीतून आशियाई अजिंक्यपद स्पर्धेचं २०० मीटरचं कांस्यपदक घेऊन गेली. मे २०१९ मध्ये तिने गावातल्याच एका मुलीवर आपलं प्रेम असल्याचं जाहीर केलं. असं उघड सांगणारी ती पहिली भारतीय धावपटू. घरातूनच पैशांसाठी धमक्या येत होत्या म्हणून सांगावं लागलं, असं ती म्हणाली. आईला ते मान्य नव्हतं. बाहेर कौतुकही झालं. जुलैत नेपल्सला तिने जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १०० मीटरचं सुवर्ण जिंकलं. गृहस्थांच्या सल्ल्याने ती गप्प राहिली असती, तर धमक्या चालूच राहिल्या असत्या.

येरवड्यात हे लिहिताना एक गोष्ट टोचते. इथे तुरुंग आहे आणि मनोरुग्णालयही. एखाद्याला वेडा ठरवायचं तर पुणेकर अजूनही त्याला ‘येरवड्याला पाठवा’ म्हणतात. समलिंगी माणसाकडे बघण्याच्या जुन्या नजरा याच दोन: गुन्हेगार किंवा रोगी. रोगांच्या यादीतून जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता १९९० मध्ये काढली. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाच्या जाचातून सुटायला आपल्याकडे सप्टेंबर २०१८ उजाडावं लागलं. आता तिसरी नजर आली आहे, शूरवीर शोधणारी.

लिहायला बसलो तेव्हा माझीही नजर तीच होती. भारताच्या एखाद्या पुरुष क्रिकेटपटूने पुढे यावं, असं मला म्हणायचं होतं. पण इंग्लंडचा फुटबॉलपटू जस्टिन फॅशनू १९९० मध्ये बोलला आणि १९९८ मध्ये त्याने आत्महत्या केली. तिथल्या व्यावसायिक पुरुष फुटबॉलमध्ये खेळत असताना बोलणारा पुढचा खेळाडू, जेक डॅनियल्स, थेट २०२२ मध्ये आला. टाळ्या वाजवायला आपण तयार बसलो आहोत म्हणून कुणी स्वतःला पणाला लावावं, हे मागायचा मला काय अधिकार?

माजी क्रिकेटपटू संजय बांगर यांची लेक अनया ट्रान्सजेंडर आहे. तिचा प्रश्न लिंगओळखीचा, म्हणून वेगळा. पण वडील नावाजलेले असल्याने क्रिकेटमध्ये सगळं दडवून वावरावं लागलं, हे तिने २०२५ मध्ये सांगितलं, तेव्हा तिचं बोट ड्रेसिंग रूमकडेच होतं. मागणी करायची तर तिथे करावी. मागे पडलेल्या पोराला ‘बायल्या’ म्हणून हाक मारणारा प्रशिक्षक मैदानावरच्या सगळ्या पोरांना सांगत असतो की इथे तोंड उघडायचं नाही. ती हाक बंद करायला न्यायालय लागत नाही. क्रीडा संघटनेने एक नियम करावा आणि तो मोडणाऱ्याला मैदानाबाहेर काढावं.