नाक आणि आरसा

नाशिकच्या माणसाने नाकावर लिहायला घेतले, तर वाचकांनी आश्चर्य मानू नये. आमच्या गावाचे नावच मुळी नाकावरून पडले, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेची नासिका छेदली, म्हणून हे नासिक. कोणी म्हणतात, नऊ शिखरांवरून हे नाव आले. ते काही असो, पाहुणा आला की आम्ही त्याला तपोवनात नेतो आणि "ते इथंच बरं का!" असे मोठ्या अभिमानाने सांगतो.

मराठी भाषेनेही या अवयवावर भार थोडा टाकलेला नाही. अब्रू गेली की नाक कापले जाते, शरण गेलो की ते घासावे लागते, राग त्याच्या शेंड्यावर बसतो, आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने आपण आधीच नेमून ठेवली आहेत. बोटभर लांबीच्या त्या बिचाऱ्याने किती वाहावे?

हे सारे मी एके काळी गमतीने बोलत असे. आता तितक्या मोकळेपणाने बोलवत नाही.

माझा एक भाचा शिक्षणासाठी आमच्याकडे राहत होता. वय एकोणीस. सकाळी आरशासमोर उभा राहिला की तास तास हलत नसे. "काय रे, नाटकात काम मिळालं वाटतं?" असे मी म्हणे आणि घरातली सारी हसत. पुढे त्याने तोंडाला रुमाल बांधून बाहेर जायला सुरुवात केली. मग कॉलेजला दांड्या सुरू झाल्या. दिवाळीला मंडळी फराळाला जमली, तेव्हा हा माडीवर दार लावून बसला. एका रात्री माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मामा, खरं सांगा. माझं नाक वाकडं दिसतं ना?"

मी नीट पाहिले. चांगले सरळ नाक होते. तसे सांगितले. त्याचा चेहरा क्षणभर उजळला. अर्ध्या तासाने तो पुन्हा तेच विचारायला आला. असे आठ दिवस चालले. नवव्या दिवशी मी चिडलो आणि त्याला एक व्याख्यान दिले. रूपापेक्षा गुण मोठे, देह नश्वर, तरुणांनी आरशात नव्हे पुस्तकात डोके घालावे, वगैरे. तो मान खाली घालून ऐकत होता. त्या व्याख्यानातले एकही वाक्य खोटे नव्हते. तरीही ते सारे चुकीचे होते, हे मला पुढे एका डॉक्टरांकडून कळले.

या दुखण्याला नाव आहे. १८९१ साली एन्रिको मोर्सेली या इटालियन वैद्याने त्याचे वर्णन केले. आज त्याला बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात. इतरांना न दिसणारे, किंवा जेमतेम दिसणारे एखादे व्यंग माणसाच्या मनात घर करते आणि दिवसाचे कित्येक तास खाऊन टाकते. फ्रॉइडचा एक प्रसिद्ध रुग्ण पुढे, १९२६ च्या सुमारास, आपल्या नाकाच्या काळजीने असा पछाडला की खिशातला आरसा त्याला सुटेना. हा विकार बहुधा पौगंडावस्थेत सुरू होतो. शंभरांत सुमारे दोघांना तो असतो आणि मुलगे त्यातून सुटलेले नाहीत. म्हणजे हा काही श्रीमंतांचा किंवा रिकामटेकड्यांचा चोचला नव्हे.

मग प्रश्न असा की, साधी काळजी कोणती आणि दुखणे कोणते? आपण सारेच आरशात पाहतो. लग्नाच्या आदल्या दिवशी नाकावर पुटकुळी आली तर कोणाला बरे वाटेल? नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणे लावताना आपणही त्वचेचा विचार करतोच. पण दारात पाहुणे आले, चकलीचा तुकडा तोंडात पडला, की ती काळजी आपोआप बाजूला होते. साध्या काळजीची खूण हीच, की ती खाली ठेवता येते. दुखणे खाली ठेवता येत नाही. आरसा पाहिल्यावाचून राहवत नाही आणि पाहून समाधान होत नाही. धीर दिला तर तो टिकत नाही. येणारी प्रत्येक व्यक्ती आपल्याच नाकाकडे पाहते आहे असे वाटते आणि एकेक दार बंद होत जाते, कॉलेजचे, मित्रांचे, शेवटी स्वतःच्या खोलीचे. फरक नाकात नसतो. त्या नाकापायी माणसाने किती आयुष्य गमावले, यात असतो.

इथे मला आपल्या पुण्याची एक जुनी हकिकत आठवते. कावसजी नावाचा एक मराठी गाडीवान इंग्रजांच्या फौजेबरोबर होता. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या कैदेत पडला आणि त्याचे नाक कापण्यात आले. वर्षभराने पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने मेणाचा साचा करून, कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक बसवून दिले. ही हकिकत १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये छापून आली आणि १८१४ साली कार्प्यू नावाच्या शस्त्रवैद्याने तीच रीत लंडनमध्ये करून पाहिली. कावसजीचे दुःख शस्त्राने आले होते, ते शस्त्राने हलके करता आले.

माझा भाचाही शस्त्रक्रियेसाठी पैसे साठवत होता. डॉक्टर म्हणाले, "जे नाक मुळात सरळच आहे, ते सरळ कसं करणार?" या विकारात शस्त्रक्रियेने बहुधा समाधान मिळत नाही, काळजी तिथेच राहते किंवा दुसऱ्या अवयवावर जाऊन बसते. उपाय आहेत, पण ते मनाचे: विचारांची आणि सवयींची घडी बदलणारी उपचारपद्धती, आणि काहींना औषधे. त्यांचा गुण पुष्कळांना येतो. उपेक्षा केली तर मात्र काहींना जगणेच नकोसे होते, म्हणून हे हसण्यावारी नेऊ नये. सरकारची 'टेलिमानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे; तिथे अशा वेळी बोलता येते.

पण मला सर्वांत छळणारा प्रश्न वैद्यकाचा नाही, नीतीचा आहे. मी भाच्याला सत्य सांगितले होते. मग माझे चुकले कुठे? माझे उत्तर नाकाविषयी होते आणि त्याचा प्रश्न दुःखाविषयी होता. सत्य बोलले की आपले कर्तव्य संपले, असे आपण मानतो. पण समोरच्याच्या वेदनेपर्यंत न पोहोचलेले सत्य पत्ता चुकलेल्या पत्रासारखे असते; त्यातला मजकूर बरोबर असून काय उपयोग? आणि मी तर पुढे जाऊन त्याच्या यातनेला गर्व म्हटले. तो स्वतःवर भाळलेला नव्हता. तो स्वतःला घाबरला होता. "नाक सरळ आहे" हे शंभरदा सांगण्याऐवजी "तुला फार त्रास होतोय, आपण कोणाला तरी दाखवू या" एवढे एकदा म्हणालो असतो, तर त्याचे एक वर्ष वाचले असते.

आमच्या थट्टेमुळेच हे झाले, असे डॉक्टर म्हणत नाहीत. स्वभाव, आनुवंशिकता, अशी अनेक कारणे असतात. पण चिडवणे हेही त्यांतले एक असू शकते म्हणतात. तेवढे मला पुरेसे आहे.

भाचा आता पुष्कळ बरा आहे. काळजी पूर्ण गेलेली नाही, तोच म्हणतो, "मामा, ती येते, पण आता बसून राहत नाही." गेल्या दिवाळीला तो पंक्तीला होता.

या दिवाळीतही घरोघर मंडळी जमतील. "किती काळवंडलीस गं!", "अरे, केस कुठं गेले?" ही आपली स्वागताची वाक्ये तयारच असतात. त्यांत दुष्टावा नसतो, हे मी जाणतो, माझ्याही नव्हता. तरी यंदा त्यांच्याऐवजी ताटात एक लाडू जास्त वाढावा आणि "ये, बस" म्हणावे. चेहऱ्याबद्दल काहीच बोललो नाही, म्हणून आपले नाक कापले जाणार नाही.