कुणाचाही द्वेष नको, मग ब्लॉक करायचं की नाही?



आजचं वाचन : गीता, अध्याय १२, श्लोक १३.

भक्त कसा असतो हे अर्जुनाला सांगताना भगवंत सुरुवातच यातून करतात की तो कुठल्याही प्राण्याचा द्वेष करत नाही. यावर ज्ञानेश्वरीत माउलींनी दिलेले दृष्टांत तुम्हाला आठवत असतील. पृथ्वी चांगल्याला धरते आणि वाइटाला टाकते असं करत नाही. पाणी गायीची तहान भागवतं आणि वाघासाठी विष होतं, असंही कधी होत नाही.

हे मी सकाळी मीरा रोडच्या प्लॅटफॉर्मवर उभ्या उभ्या वाचलं. मन एकदम प्रसन्न झालं. आणि ऑफिसात पोचल्यावर पहिलं काम काय केलं? चौदा पत्ते ब्लॉक केले!

काय करणार, पोटापाण्याचा धंदाच तो आहे. मी आमच्या कंपनीचा मेल सर्व्हर सांभाळतो. तिथे दोन याद्या असतात. एक ब्लॉकलिस्ट, म्हणजे यांना आत घ्यायचं नाही. दुसरी अलाउलिस्ट, म्हणजे यांना अडवायचं नाही. ही कटकट जुनी आहे. ३ मे १९७८ला गॅरी थुर्क नावाच्या विक्रेत्याने आर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना न मागता जाहिरात पाठवली, तीच पहिली स्पॅम मेल मानतात. १९९७च्या सुमारास त्रासदायक पत्त्यांच्या सामायिक याद्या निघाल्या आणि जगभरचे सर्व्हर त्या विचारून दार उघडू लागले. मी पाण्यासारखा व्हायचं ठरवलं आणि सगळ्यांना आत सोडलं, तर आमच्या अकाउंट्समधल्या ताई दुपारपर्यंत एखाद्या खोट्या बिलाचे पैसे भरून मोकळ्या होतील. मग श्लोकाचं काय करायचं?

माझ्याकडून घडलेली एक चूक सांगतो. बरेच दिवस मनात आहे.

दोन वर्षांपूर्वी एका होस्टिंगवाल्याच्या पत्त्यांवरून आमच्याकडे रोज शेकड्यांनी कचरा यायचा. एकेक पत्ता अडवून कंटाळलो. एका शुक्रवारी संध्याकाळी घरी जायच्या घाईत मी त्यांची २५६ पत्त्यांची अख्खी रांगच एका ओळीत बंद केली. आणि त्या ओळीपुढे ‘रिजेक्ट’ लिहिण्याऐवजी ‘डिस्कार्ड’ लिहिलं.

जे या क्षेत्रात नाहीत त्यांच्यासाठी फरक सांगतो. रिजेक्ट म्हणजे आपला सर्व्हर दारातच सांगतो, ‘घेणार नाही.’ पाठवणाऱ्याकडे मेल परत जाते, त्याला कळतं. डिस्कार्ड म्हणजे ‘हो हो, मिळाली’ असं गोड बोलून घ्यायची आणि मागच्या मागे फेकून द्यायची. पाठवणारा समजतो, पोचली.

त्याच सुमारास आमच्याकडे एका नव्या मुलाची निवड झाली होती. भाईंदर पूर्वेचा. वडिलांचा स्टीलच्या भांड्यांचा छोटा गाळा. त्या गाळ्याच्या नावाने त्यांनी स्वस्तातलं डोमेन घेतलेलं आणि वडिलांचा आग्रह, की मेल त्यावरूनच पाठव, आपलं नाव दिसतं. मुलाने होकार कळवला तो तिथूनच. तो पत्ता नेमका माझ्या २५६च्या रांगेत. एचआरने आठवडाभर वाट पाहिली, ‘इंटरेस्टेड दिसत नाही’ म्हणाले आणि जागा दुसऱ्याला दिली.

तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला, ‘जॉइनिंगची तारीख कळली नाही.’ मी लॉग उघडला. त्याची मेल होती, वेळ होती आणि पुढे माझा शब्द होता : डिस्कार्ड.

साहेब म्हणाले, ‘सिस्टिम एरर सांगून टाक.’ मला ते जमेना. सिस्टिमने काय केलं? मी लिहिलं तेच तर केलं. मीच फोन करून त्याला खरं काय ते सांगितलं. तो चिडला नाही, थोडा वेळ गप्प राहिला. मग एवढंच म्हणाला, ‘सर, निदान परत आली असती, तर दुसऱ्या आयडीवरून पाठवली असती.’

पुढच्या भरतीत त्याला बोलवायला मी एचआरला सांगितलं. तोवर तो वडिलांच्या गाळ्यावर बसायला लागला होता. त्याचं नुकसान मी भरून देऊ शकलो नाही.

त्या रात्री चोखोबांची फार आठवण आली. देवळाच्या बाहेर उभ्या त्या भक्ताचा अपराध काय होता? वर्तन नाही, भाव नाही, फक्त जन्म. कुणीतरी माणसांची अख्खी रांगच एका ओळीत बंद करून ठेवली होती. त्यांची समाधी आजही महाद्वारासमोर नामदेव पायरीपाशी आहे. ती ओळ काढायला सहाशे वर्षं लागली आणि त्यासाठी मे १९४७मध्ये साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. माझी चूक आणि ते पाप एका तागडीत घालायचं नाहीये मला. पण शेजार पाहून माणूस ओळखण्याची खोड तीच, आणि मी किती सहज ती केली! त्या मुलाचा दोष एवढाच, की त्याचा शेजारी घाण पाठवत होता.

अलाउलिस्टचं उलटं असतं. आमच्या डायरेक्टरांचा पत्ता तिथे होता, म्हणजे त्यांच्या नावाला तपासणी नाही. एक दिवस त्यांच्या नावाने मेल आली, ‘ताबडतोब पैसे पाठवा.’ मेलवर ‘प्रेषक’ म्हणून कुणाचंही नाव घालता येतं, पोस्टकार्डावर घालावं तसं. ताईंनी फोन करून विचारलं म्हणून वाचलो. आपण भक्त मंडळीही हेच करतो ना? तुकोबांचा फोटो आणि खाली चार ओळी असल्या की अभंग म्हणून फॉरवर्ड, गाथा कोण उघडून बघतो! आणि मनाच्या अलाउलिस्टमध्ये सगळ्यात वर कोण असतं? आपलं कौतुक करणारा. त्याला कधी तपासणी नाही.

मग माझ्या प्रश्नाचं उत्तर? मला आज उमगलं ते असं. पाण्याने वाघासाठी विष व्हायचं नाही, हे खरंच. पण म्हणून गुराख्याने गोठ्याचं दार उघडं टाकायचं नसतं. दार लावण्यात द्वेष नाही, ती आतल्यांची काळजी आहे. दार कशासाठी लावलं हे आपण विसरलो आणि बाहेर कोण उभं आहे ते बघणंही सोडलं, की तिथे द्वेष शिरतो. माझ्या शुक्रवारच्या त्या ओळीत राग होता, आळस होता आणि ‘कोण बघतंय’ हा माज होता.

आता मी काही नियम पाळतो. अडवायचं ते वर्तन बघून, शेजार बघून नाही. अडवलं तर तसं सांगायचं. रिजेक्टच्या ओळीत आता आमचा फोन नंबर असतो. अनोळखी सर्व्हरला आधी ‘थोड्या वेळाने या’ म्हणायचं. खरा सर्व्हर परत येतो, स्पॅमवाले बरेचदा येत नाहीत. प्रत्येक नोंदीपुढे तारीख आणि कारण लिहायचं. आणि दर शुक्रवारी, हो, शुक्रवारीच, अडवलेल्यांची यादी एकदा डोळ्यांखालून घालायची.

आजची साधना : फोनमधली ब्लॉक केलेल्यांची यादी उघडा. एकेका नावापुढे स्वतःला विचारा, हे याच्या वागण्यामुळे, की माझ्या त्या दिवसाच्या रागामुळे? ज्याने खरंच छळलंय त्याला तिथेच राहू द्या, अजिबात अपराधी वाटून घेऊ नका. द्वेष सोडायला दार उघडावं लागत नाही. पण एखादं नाव असं सापडेल, की ते तिथे का आहे हेच आठवणार नाही. त्याला आज मोकळं करा.

माउली, दार लावायची बुद्धी दे आणि दारावरची थाप ऐकू येईल एवढे कान उघडे ठेव.

रामकृष्ण हरी 🙏