उन्हाळी सुट्टी : थोडा खर्च, मोठी अमानत

परीक्षा संपतात, शाळांची दारे बंद होतात आणि घराघरांत एकच प्रश्न ऐकू येतो, ‘अब्बा, या वर्षी आपण कोठे जायचे?’ प्रश्न लहानसा असतो. पण रोजंदारीवर काम करणाऱ्या, रिक्षा चालविणाऱ्या, छोटे दुकान सांभाळणाऱ्या किंवा ठराविक पगारात महिना काढणाऱ्या पित्याला त्याचे उत्तर देताना मान खाली घालावी लागते. शेजारचे कुटुंब थंड हवेच्या ठिकाणी गेलेले असते, त्यांची छायाचित्रे मोबाईलवर येत असतात, आणि आपल्या मुलांच्या डोळ्यांतली तुलना आई-वडिलांना दिसत असते. मग कोणी कर्ज काढतो, कोणी हप्त्यावर सहल घेतो, तर कोणी चिडून मुलांना गप्प बसवितो आणि त्यांच्या हाती मोबाईल देऊन दोन महिने ढकलतो. हे तिन्ही मार्ग चुकीचे आहेत. इस्लामने या बाबतीत चौथा मार्ग दाखविला आहे, आणि तो गरिबालाही परवडणारा आहे.

मनोरंजन हा मुलांचा हक्क आहे

काही धर्मनिष्ठ घरांत असा समज आढळतो की हसणे-खेळणे, फिरणे ही दुनियादारी आहे आणि दीनदार माणसाने त्यापासून दूर राहावे. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे जीवन या समजाला दुजोरा देत नाही. हजरत हन्जला (रजि.) यांना एकदा वाटले की प्रेषितांच्या सहवासात असताना मनाची जी अवस्था असते, ती घरी बायको-मुलांत गेल्यावर राहत नाही, म्हणजे आपण दांभिक झालो. प्रेषितांनी (स.) त्यांची समजूत घातली की माणसाची अवस्था सदैव एकच राहत नाही, एक घटका तिची असते, तर दुसरी घटका हिची. मुस्लिम शरीफमधील ही हदीस सर्वश्रुत आहे. बायको-मुलांत घालविलेल्या घटकेला प्रेषितांनी दांभिकपणा ठरविले नाही.

स्वतः प्रेषित (स.) यांनी प्रवासात हजरत आयशा (रजि.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली. एकदा त्या जिंकल्या. पुढे बऱ्याच काळानंतर पुन्हा शर्यत झाली तेव्हा प्रेषित जिंकले आणि मागच्या पराभवाची ही परतफेड, असे हसत म्हणाले. ईदच्या दिवशी मस्जिदीच्या आवारात हबशी लोक भाल्यांचे खेळ करीत होते, तेव्हा आयशांचे (रजि.) मन भरेपर्यंत प्रेषित (स.) त्यांना आडोसा देऊन उभे राहिले. अबू उमैर नावाच्या बालकाचा पाळलेला पक्षी मेला, तर त्याच्यापाशी जाऊन त्या पक्ष्याची विचारपूस केली. नातू पाठीवर बसला म्हणून सजदा लांबविला. या प्रसंगांत एक दिरहमही खर्च झालेला नाही. मुलांना मिळाला तो वेळ, लक्ष आणि प्रेम. आज आपण पैसा देऊ पाहतो, कारण वेळ देणे अधिक कठीण वाटते.

अल्-अक्रा बिन हाबिस यांनी सांगितले की मला दहा मुले आहेत, पण मी त्यांच्यापैकी एकाचेही कधी चुंबन घेतलेले नाही. प्रेषितांनी (स.) त्यांना बजावले की जो दया करीत नाही, त्याच्यावर दया केली जात नाही. वर्षभर कामाच्या रगाड्यात मुलांशी दोन शब्द न बोलणाऱ्या प्रत्येक पित्याने या इशाऱ्याचा विचार करावा. सुट्टी ही ती उणीव भरून काढण्याची संधी आहे.

खर्चाची मर्यादा

दुसरीकडे, मुलांच्या हौसेच्या नावाखाली उधळपट्टी करण्यासही इस्लाम परवानगी देत नाही. दिव्य कुरआनच्या सूरह बनी इस्राईलमध्ये (आयत 26-27) नातेवाईक, गरीब व वाटसरूचा हक्क देण्याची आज्ञा देऊन लगेच उधळपट्टीची मनाई केली आहे आणि उधळ्या माणसांना सैतानाचे भाऊबंद म्हटले आहे. सूरह अल्-फुर्कानमध्ये (आयत 67) अल्लाहच्या खऱ्या दासांची ओळख अशी सांगितली आहे की ते ना उधळपट्टी करतात, ना कंजुषी. त्यांचा खर्च या दोहोंच्या मधोमध असतो.

या मध्यम मार्गाची दुसरी बाजूही विसरता कामा नये. कुटुंबावर केलेला खर्च हा सदका आहे. मुस्लिम शरीफमधील हदीसप्रमाणे अल्लाहच्या मार्गात, गुलामाच्या मुक्ततेसाठी, गरिबासाठी आणि कुटुंबासाठी खर्च केलेल्या दीनारांत कुटुंबावर खर्चलेल्या दीनाराचे पुण्य सर्वांत मोठे आहे. म्हणून ऐपत असूनही मुलांना चार घास आनंदाचे न देणे हीसुद्धा चूक आहे.

मात्र सहलीसाठी कर्ज काढणे हा अत्यंत घातक मार्ग आहे. प्रेषित (स.) नमाजमध्ये कर्जापासून अल्लाहचा आश्रय मागत असत. कोणीतरी कारण विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की माणूस कर्जात बुडतो तेव्हा बोलताना खोटे बोलतो आणि वचन देऊन मोडतो. विचार करा! चार दिवसांच्या सहलीनंतर वर्षभर सावकाराला चुकविणारा, दारावर थाप पडली की मुलाकरवी ‘अब्बा घरी नाहीत’ असे सांगविणारा पिता त्या मुलाला काय शिकवीत असतो? सहलीची आठवण पुसली जाते, पण हे शिक्षण मुलाच्या मनात घर करून राहते. आणि त्या कर्जावर व्याज असेल, तर ज्या गोष्टीविरुद्ध अल्लाहने युद्धाची घोषणा केली आहे, ती आपण मुलांच्या आनंदासाठी घरात आणली असे होईल.

यासाठी सोपा उपाय आहे. शाळा सुरू होते त्या जून महिन्यापासूनच एक डबा ठेवावा. दर आठवड्याला 25 रुपये टाकले तरी वर्षाला 1300 रुपये जमतात. मुलांनाही ईदीतून थोडी रक्कम त्यात टाकू द्यावी. एप्रिलमध्ये सर्वांसमक्ष डबा उघडावा आणि आपल्याकडे इतके आहेत, यात काय करता येईल, असा सल्लामसलतीचा प्रश्न मुलांपुढे ठेवावा. घरातील पैशाची मर्यादा ज्या मुलाला ठाऊक असते, ते मूल हट्ट कमी करते.

जमिनीवर फिरा आणि पाहा

प्रवासाला इस्लामने उद्देश दिला आहे. सूरह अल्-अन्कबूतमध्ये (आयत 20) जमिनीवर हिंडून अल्लाहने निर्मितीचा प्रारंभ कसा केला ते पाहण्यास सांगितले आहे. सूरह अल्-गाशियामध्ये उंट, आकाश, पर्वत आणि पसरलेली भूमी यांच्याकडे बघण्याचे आवाहन आहे. ही आयत मुलांना घरात बसून पाठ करून घेण्याबरोबरच एखाद्या टेकडीवर नेऊन तेथे समजावून सांगितली, तर तिचा अर्थ त्यांच्या मनात कायमचा उतरेल.

आपला महाराष्ट्र अशा ठिकाणांनी संपन्न आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर आकाशातून आलेल्या उल्केच्या आघाताने काळ्या बेसॉल्ट खडकात निर्माण झाले. अल्लाहच्या सामर्थ्याची ही खूण पाहण्यासाठी परदेशी जावे लागत नाही. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील पाणचक्कीत डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून त्याच्या बळावर जाते फिरविण्यात आले, आणि या सोयीचा लाभ वाटसरू, फकीर व विद्यार्थी यांना होत असे. याच शहराला मलिक अंबर यांनी सतराव्या शतकाच्या प्रारंभी नहरीद्वारे पाणी पुरविले. गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी मनुष्य एका राज्याचा कारभारी होतो आणि लोकांना पाणी देतो, ही कथा मुलांना सांगण्यासारखी आहे. जवळच दौलताबादचा किल्ला आणि 1445 साली बांधलेला चाँद मिनार आहे. कोकणात मुरूडजवळ समुद्रात उभा असलेला सिद्दींचा जंजिरा आहे.

खर्चाचाही हिशेब करून पाहा. एस.टी.मध्ये 5 ते 12 वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट लागते, 17 मार्च 2023 पासून महिलांनाही अर्धे तिकीट आहे आणि 75 वर्षांवरील ज्येष्ठांना राज्यात मोफत प्रवास आहे. पूर्ण भाडे 100 रुपये असेल, तर आई-वडील, दोन मुले आणि 75 वर्षांवरील दादी अशा पाच जणांचे एका बाजूचे भाडे 500 न होता 250 रुपये होते. पुरातत्त्व खात्याच्या किल्ल्यांत व वास्तूंत 15 वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य असतो. भाकरी-चटणी, उकडलेली अंडी, कांदा, काकडी आणि घरून नेलेले पाणी एवढी शिदोरी असली की हॉटेलची गरज उरत नाही.

दूर जाणे शक्य नसेल, तर जवळ जावे. प्रेषित (स.) दर शनिवारी कुबाच्या मस्जिदीत जात, कधी पायी तर कधी स्वारीवर. तीन-चार किलोमीटरचा हा नियमित फेरा होता. आपणही सुट्टीतील प्रत्येक रविवारी फजरच्या नमाजनंतर मुलांसह शहरातील एखाद्या जुन्या मस्जिदीपर्यंत, नदीकाठापर्यंत किंवा टेकडीपर्यंत चालत जाऊ शकतो. सकाळच्या वेळेत बरकत व्हावी म्हणून प्रेषितांनी (स.) आपल्या उम्मतसाठी दुआ केली आहे, आणि कडक उन्हाळ्यात जुहरची नमाज ऊन थोडे उतरेपर्यंत उशिरा अदा करण्याची सूचनाही त्यांचीच आहे. म्हणून दुपारी मुलांना उन्हात हिंडवू नये.

प्रवासाची शिस्त

तीन जण प्रवासाला निघाले तर त्यांनी एकाला अमीर नेमावे, असा प्रेषितांचा (स.) आदेश आहे. एखाद्या दिवशी आपल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला अमीर करून पाहा. गाडीची वेळ, पाण्याच्या बाटल्या, लहानग्यांचा हात, नमाजची वेळ या सर्वांची जबाबदारी त्यांच्यावर सोपवा. संपूर्ण भूमी मस्जिद बनविण्यात आली आहे, हे त्यांना झाडाखाली जमातने नमाज अदा करताना कळेल. रस्त्यावर, पाणवठ्यावर आणि लोकांच्या सावलीच्या जागी घाण करणे शापास कारणीभूत होते, असे प्रेषितांनी (स.) बजावले आहे. तेव्हा आपण उठलो त्या जागी प्लॅस्टिकची एक पिशवीही राहता कामा नये.

आणखी एक गोष्ट अत्यंत गांभीर्याने सांगावीशी वाटते. उन्हाळ्यात तलाव, नदी, खाणीतील पाणी आणि समुद्र येथे मुले बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. आपल्याच हातांनी स्वतःला विनाशात टाकू नये, ही कुरआनची (सूरह अल्-बकरा, आयत 195) आज्ञा आहे. अनोळखी पाण्यात उतरू देणे आणि ‘अल्लाह मालिक आहे’ असे म्हणणे हा तवक्कुल नव्हे. प्रथम उंटाचा पाय बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, हीच प्रेषितांची (स.) शिकवण आहे. पाण्याजवळ असताना मोठ्यांपैकी एकाने तरी मोबाईल बाजूला ठेवून केवळ मुलांवर नजर ठेवावी.

नानीचे घर

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत पुण्यकारक सहल म्हणजे नातेवाइकांकडे जाणे. ज्याला आपल्या रोजीत वाढ आणि आयुष्यात बरकत हवी असेल त्याने नाती जोडावीत, असे हदीसमध्ये आले आहे. नानी, मामू, खाला, फुफी यांच्या घरी मुले एकत्र जेवतात, भांडतात, पुन्हा एक होतात. ज्या नातेवाइकाशी वर्षानुवर्षे बोलणे बंद आहे, त्याच्या घरी मुलांना घेऊन जाण्यासही सुट्टी हे उत्तम निमित्त आहे.

परंतु येथेही मर्यादा आहे. पाहुणचार तीन दिवसांचा, आणि यजमानाला अडचणीत टाकेल इतके दिवस मुक्काम करणे पाहुण्याला योग्य नाही, असे प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले आहे. एका घरात पंधरा माणसे जमतात तेव्हा पुरुषांची व मुलांची सुट्टी असते. घरातील स्त्री मात्र दिवसभर चुलीपाशी उभी असते. जाताना धान्य, तेल, भाजी सोबत न्यावी. भांडी घासणे, पाणी भरणे, झाडलोट यांत मुलांनी, विशेषतः मुलग्यांनी हात लावावा. प्रेषित (स.) घरी असताना घरच्यांच्या कामात हातभार लावीत, अशी साक्ष हजरत आयशा (रजि.) यांनी दिली आहे. जी सुन्नत आईचे श्रम हलके करते, तीही सुन्नतच आहे.

घरी राहूनही

ज्यांना घराबाहेर पडणे शक्य नाही, त्यांनीही मन लहान करू नये. गच्चीवर पक्ष्यांसाठी पाण्याचे मातीचे भांडे ठेवून ते रोज भरण्याचे काम मुलाला द्यावे आणि तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजल्याबद्दल अल्लाहने एका माणसाला क्षमा केल्याची हकीकत सांगावी. चिंचेच्या बिया धुऊन, वाळवून ठेवाव्यात आणि पहिल्या पावसात लावाव्यात; मुसलमानाने लावलेल्या झाडाचे फळ माणसाने वा पाखराने खाल्ले तरी तो सदका ठरतो. शेवया, पापड, कैरीचे लोणचे करताना मुलांना सोबत घ्यावे. दादा-दादींकडून त्यांच्या बालपणाच्या गोष्टी ऐकून मुलांनी वहीत लिहून ठेवाव्यात. रोज मगरिबनंतर एका छोट्या सूरहचा अर्थ मराठीतून सर्वांनी मिळून वाचावा. आणि त्या वेळी घरातील सर्वांचे मोबाईल, वडिलांचासुद्धा, एका टोपलीत असावेत.

शेवटी एक विनंती. आपल्या मोहल्ल्यात असे एखादे मूल नक्कीच असेल, ज्याच्या डोक्यावरून पित्याची छाया हरपली आहे. आपण जेथे जाणार असाल, टेकडीवर का होईना, त्याला सोबत घ्या. शिदोरीत एक भाकरी जास्त लागेल, एक अर्धे तिकीट जास्त पडेल. अनाथाचा सांभाळ करणारा जन्नतमध्ये माझ्या इतका जवळ असेल, असे सांगताना प्रेषितांनी (स.) आपली दोन बोटे जवळ धरून दाखविली होती.

आरोग्य आणि फुरसत या दोन देणग्यांच्या बाबतीत बहुतेक लोक तोट्यात राहतात, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. मुलांची सुट्टी ही आपल्या हाती आलेली फुरसत आहे आणि मुलांचे बालपण ही अमानत आहे. प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या राखणीबद्दल जाब द्यावा लागणार आहे. सहल किती महाग होती, हे तेथे विचारले जाणार नाही.

हे अल्लाह, आमच्या अल्प कमाईत बरकत दे, आम्हाला कर्जाच्या ओझ्यापासून व दिखाव्यापासून वाचव, आमच्या मुलांना आमच्या डोळ्यांचा गारवा बनव आणि त्यांच्यासाठी वेळ काढण्याची आम्हाला सद्बुद्धी दे. आमीन.