आधी जखम की आधी दारू?

१९८८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात दोन माजी सैनिकांचा खटला निकाली निघाला. दोघांनीही दारू सोडलेली होती. सैन्यातून सुटल्यावर दहा वर्षांच्या आत शिक्षणाची सवलत घ्यायची, असा नियम होता. त्यातली बरीच वर्षं व्यसनात गेली, म्हणून मुदत वाढवून मिळावी, एवढंच त्यांचं मागणं. ते फेटाळलं गेलं. माजी सैनिकांच्या सरकारी खात्याच्या लेखी मुळातलं व्यसन हे जाणूनबुजून केलेलं गैरवर्तन होतं. मात्र एखाद्या मानसिक आजारापोटी माणूस प्यायला लागला असेल, तर ते गैरवर्तन धरलं जात नव्हतं. पुढे २००१ साली तिथल्याच एका अपील न्यायालयाने मान्य केलं, की युद्धाच्या मानसिक आघातातून जडलेल्या व्यसनासाठी भरपाई देता येते. म्हणजे कायदा पुढे सरकला, पण प्रश्न तोच राहिला: आधी जखम की आधी दारू?

मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. मेंदूत ही दोन खाती वेगळी ठेवलेली नाहीत.

व्हिएतनाममध्ये लढून आलेल्यांचा विचार करा. मानसिक आघातातून जडलेल्या त्यांच्या त्रासाला पीटीएसडी (पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर) हे अधिकृत नाव मिळालं १९८० साली, युद्ध संपून पाच वर्षं झाल्यावर. त्या दशकातल्या मोठ्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं, की तिथे गेलेल्या पुरुषांपैकी सुमारे ३० टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी हा आजार झाला होता. नंतर कडक निकष लावून मोजलं तेव्हा आकडा १९ टक्क्यांच्या आसपास आला. तोही लहान नाही. आणि या आजारासोबत दारू इतक्या वेळा आढळते, की तिला योगायोग म्हणता येत नाही.

एका रात्रीत काय घडतं ते पाहू. झोपेची भीती वाटणारा माणूस दोन-तीन पेग घेतो. दारू मेंदूला शांत करणाऱ्या 'गाबा' या रसायनाचा जोर वाढवते आणि उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटला दाबते. अमिग्डाला, म्हणजे धोक्याची सूचना देणारा मेंदूतला बदामाएवढा भाग, थोडा गप्प बसतो. अंग सैल पडतं, डोळा लागतो. स्वप्नांची झोपही रात्रीच्या पहिल्या भागात दबून राहते. इथपर्यंत औषधाने आपलं काम केलेलं असतं. पण रोजच्या दारूला मेंदू सरावतो आणि तिचा दाब पेलण्यासाठी स्वतःची उत्तेजना वाढवून ठेवतो. रात्री दोन-तीनच्या सुमारास रक्तातली दारू ओसरते, आणि वाढवलेली उत्तेजना तेवढी मागे उरते. छाती धडधडते, घाम फुटतो, हात थरथरतात. दाबून ठेवलेली स्वप्नं उसळून वर येतात. धडधड, घाम, थरथर ही तर लढाईतल्या भीतीचीही लक्षणं. अमिग्डालाला कारणाशी देणंघेणं नसतं. शरीर घाबरलेलं दिसलं की ती इशारा देते. माणूस उठतो, दाराची कडी तपासतो, खिडकीबाहेर बघतो आणि पुन्हा बाटलीकडे वळतो. या टप्प्यावर आजार कुठे संपला आणि व्यसन कुठे सुरू झालं, हे त्याची बायकोही सांगू शकत नाही, मग न्यायालय काय सांगणार?

या माणसांच्या मेंदूची छायाचित्रंही निघाली. आठवणींना काळवेळेच्या चौकटीत बसवणारा भाग म्हणजे हिप्पोकॅम्पस. १९९५ साली डग्लस ब्रेमनर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की पीटीएसडी असलेल्या, व्हिएतनाममध्ये लढलेल्या सैनिकांत उजवा हिप्पोकॅम्पस सरासरी ८ टक्क्यांनी लहान होता. दारूनेही हा भाग आक्रसतो, म्हणून त्यांनी दारूचा हिशेब वजा करून पाहिला. तरी फरक उरलाच. युद्धाने मेंदू झिजवला, असं मग सगळीकडे म्हटलं जाऊ लागलं.

२००२ साली जुळ्या भावांवरचा अभ्यास आला आणि ही सरळ गोष्ट वाकडी झाली. एक भाऊ व्हिएतनामला गेलेला, दुसरा घरीच राहिलेला. ज्या सैनिकांचा आजार तीव्र होता, त्यांच्या घरी राहिलेल्या भावांचाही हिप्पोकॅम्पस लहानच निघाला. म्हणजे निदान काही जणांत ही ठेवण आधीपासूनची असावी, आणि युद्धाचा घाव तिथे खोल बसला असावा. छायाचित्रातल्या छोट्या हिप्पोकॅम्पसवर 'युद्धाने केलेलं नुकसान' असा शिक्का मारण्याचा मोह म्हणून मला धोक्याचा वाटतो. तो शिक्का उद्या 'हा मुळातच कच्चा होता' असाही वाचला जाईल, आणि भरपाई नाकारायला तेवढं पुरेल. शिवाय मेंदू एकाच जागी थांबत नाही. दारू थांबली की पहिल्या काही आठवड्यांत, महिन्यांत मेंदूचं आकारमान काही अंशी भरून येतं, हे वारंवार दिसलेलं आहे.

उपचारांत मात्र वर्षानुवर्षं तोच 'आधी काय'चा हट्ट चालला. आधी दारू सोड, मग युद्धाच्या आठवणींना हात घालू. जखम उघडली तर माणूस आणखी पिईल, ही भीती समजण्यासारखी होती. फिलाडेल्फियात एडना फोआ यांनी दोन्ही आजार असलेल्या १६५ जणांवर ही भीती तपासली. निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. आघाताच्या आठवणींना सुरक्षित वातावरणात पुनःपुन्हा सामोरं नेणारी उपचारपद्धती दिल्यावर पिणं वाढलं नाही. नाल्ट्रेक्सोन या औषधाने ते घटलं, आणि ज्यांना दोन्ही उपचार एकत्र मिळाले, ते पुढच्या सहा महिन्यांतही पुन्हा दारूकडे सगळ्यांत कमी वळले.

आपल्याकडे साताऱ्या-कोल्हापूरकडच्या गावांत निवृत्त जवानाला, मग त्याची रँक काहीही असो, 'मेजर' म्हणतात. काश्मीरमध्ये किंवा कारगिलला काय बघितलं, हे त्याला सहसा कुणी विचारत नाही. लष्करी कँटीनमधून मिळणाऱ्या दारूचा त्याचा महिन्याचा कोटा मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक असतो. पितो एवढंच दिसतं, आणि बायको त्याला व्यसनमुक्ती केंद्रात घेऊन येते. पुण्यात 'मुक्तांगण' १९८६ साली सुरू झालं, तेव्हापासून व्यसन हा आजार आहे, हे महाराष्ट्राला सांगितलं जातंय. माजी सैनिकाच्या बाबतीत आणखी एक पाऊल टाकायला हवं. किती पिता, कधीपासून पिता, हे विचारायचंच. पण पहिल्याच भेटीत झोप कशी लागते, स्वप्नात काय दिसतं, कुठे पोस्टिंग होतं, हेही विचारायचं. आणि उत्तर ऐकायला मनोविकारतज्ज्ञ त्याच इमारतीत हवा, दुसऱ्या तारखेला दुसऱ्या शहरात नव्हे.