रिकामा डबा



शेजारच्या घरून वाटीभर भाजी आली, तर ती वाटी आपण रिकामी परत करीत नाही. घरात काही नसले तर चिमूटभर साखर तरी घालतो. ही रीत आपल्याला आईने शिकविली, आईला आजीने. आज ह्या साध्या रीतीवर थोडे चिंतन करू या. कारण गेल्या उपवासकाळात आम्हीच ती मोडली.

आमच्या महिला मंडळाने ठरविले होते की, एकट्या राहणाऱ्या वृद्ध भगिनींना दर शुक्रवारी जेवणाचा डबा पोहोचवायचा. जळगाव काय किंवा धुळे काय, खानदेशात आपली घरे थोडी आणि विखुरलेली. कुणी रेल्वेच्या नोकरीमुळे इकडे आले, कुणी शाळा-दवाखान्यातील सेवेमुळे. मुले पुढे पुण्या-मुंबईला, सुरतेला गेली; आईवडील इथेच राहिले. कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत, कधी वरण-बट्टी असे आम्ही नेत असू. दारात भरलेला डबा द्यायचा, मागचा घ्यायचा आणि पुढचे घर गाठायचे.

एका मावशींनी धुतलेल्या डब्यात शेंगदाण्याचे चार लाडू घातले होते. आम्ही प्रेमानेच म्हटले, "मावशी, तुम्ही कशाला त्रास घेता? आता तुम्ही फक्त खायचे." त्यांनी मुकाट्याने लाडू काढून घेतले. पुढच्या शुक्रवारी म्हणाल्या, "डबा चांगला असतो गं पोरींनो, पण तो रिकामा परत देताना मला मागून खाल्ल्यासारखे वाटते."

आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही त्यांची भूक भागविली होती, पण त्यांचा मान काढून घेतला होता.

पवित्र शास्त्रात अशीच एक वृद्ध स्त्री आहे. तिचे नाव नामी. दुष्काळात ती कुटुंबासह मवाब देशात गेली. तिथे पती गेला, दोन्ही मुलगे गेले. ती बेथलेहेमला परतली, तेव्हा गावातल्या बायकांनी तिला ओळखले. ती त्यांना म्हणाली की, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा; मी भरलेली गेले होते आणि देवाने मला रिकामी आणले. 'मारा' म्हणजे कडू. उतारवयातील किती जणींच्या मनात आज हाच शब्द असेल!

परंतु देवाने तिला रिकामे ठेवले नाही. तिची सून रूथ शेतात सरवा वेचायला गेली. सरवा म्हणजे काय, हे आपल्या शेतकरी भगिनींना सांगायला नको. बवाजाने तिला हुरडा दिला. तो तिने पोटभर खाल्ला आणि उरलेला सासूसाठी घरी आणला. पण रूथ नुसता हुरडा ठेवून निघून गेली नाही. ती सासूजवळ बसली. दिवसभरात काय घडले ते तिने सांगितले, आणि पुढे कसे वागायचे हा सल्ला नामीने दिला. सुनेने धान्य आणले, सासूने शहाणपण दिले. डबा भरून आला आणि भरूनच परत गेला! पुढे रूथला मुलगा झाला, तेव्हा शेजारणींनी त्याला नामीचाच मुलगा म्हटले आणि त्याचे नाव ओबेद ठेवले. हा ओबेद दावीद राजाचा आजोबा. त्याच वंशात आपला प्रभू जन्मला, आणि तोही बेथलेहेमात. बेथलेहेम म्हणजे भाकरीचे घर.

आपल्याच परिसरातील एक उदाहरण पाहा. लक्ष्मीबाई टिळक १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मल्या. पूर्वी परजातीच्या हातचे पाणीही न घेणाऱ्या लक्ष्मीबाईंनी सोवळे सोडले, सर्वांबरोबर अन्न घेतले आणि १९०० साली बाप्तिस्मा स्वीकारला. १९१९ मध्ये त्यांना वैधव्य आले. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या ६६ वर्षांच्या होत्या. त्या आपल्या कॅथलिक पंथाच्या नव्हत्या; पण उतारवयात देव कुणाला रिकामे ठेवीत नाही, हे त्यांच्याकडे पाहून कळते.

प्रिय भाविकांनो, पवित्र मिस्सामध्ये तरी काय घडते? ज्याला कशाचीही गरज नाही, तो देव आपल्या हातून भाकर आणि द्राक्षारस घेतो. "तुम्ही कशाला त्रास घेता?" असे तो म्हणत नाही. आपले अर्पण तो स्वीकारतो आणि त्यातूनच स्वतःला आपल्याला देतो. देव जर आपला मान राखतो, तर आपण म्हाताऱ्या हातांचे चार लाडू का नाकारावे?

ह्या उन्हाळ्यात आम्ही चूक सुधारली. बिबडे करण्याच्या दिवशी त्या मावशींना रिक्षाने आणले. उन्हे तापण्याआधी ज्वारीचा घाटा शिजला. लसूण, मिरची, तीळ घातले. मावशींना उभे राहवत नव्हते. खुर्चीत बसून त्यांनी घाटा चाखला आणि म्हणाल्या, "मीठ कमी आहे." खरेच कमी होते! आम्ही ओल्या कापडावर बिबडे थापत होतो आणि त्या रोझरी सांगत होत्या. पाचही रहस्ये त्यांना तोंडपाठ, आम्हाला मात्र पुस्तक लागते.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली आजी-आजोबा व वृद्धांचा जागतिक दिन सुरू केला. तो जुलैच्या चौथ्या रविवारी साजरा होतो. २०२४ च्या संदेशात त्यांनी ह्याच नामी आणि रूथची आठवण करून दिली होती. पण आपण जुलैची वाट कशाला पाहायची? आज मिस्सानंतर एका वृद्ध भगिनीच्या घरी जा. डबा न्या, पण घड्याळाकडे पाहू नका. जवळ बसा. त्यांच्याकडून एखादी प्रार्थना, एखादी पाककृती, एखादी जुनी आठवण मागून घ्या. निघताना त्यांनी डब्यात काही घातले, तर "नको" म्हणू नका.

आणि माझ्या वृद्ध आयांनो, तुमचे गुडघे टेकत नसतील, हात थरथरत असतील, तरी डबा रिकामा देऊ नका. आमच्यासाठी एक 'नमो मारिया' म्हणा आणि ती त्यात घाला. आम्हाला तिची फार गरज आहे.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वादित करो. आमेन.