दिसले नाही म्हणून

हर्बेरियममधील कागदावर एक वाळवलेली फांदी चिकटवलेली असते आणि कोपऱ्यात चिठ्ठी असते. चिठ्ठीवर स्थळ, तारीख आणि संग्राहकाचे नाव लिहिलेले असते. अमुक दिवशी अमुक डोंगरावर हे झुडूप होते, एवढीच तिची साक्ष. ती विश्वासार्ह असते. परंतु पुढे अनेक वर्षे नवी फांदी जमा झाली नाही, म्हणून ते झुडूप पृथ्वीवर उरलेच नाही, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला पोचतो काय?

दक्षिण आफ्रिकेच्या नैर्ऋत्य टोकाकडील कोगेलबर्गच्या डोंगरात टॉमस पीअरसन स्टोको यांना १९२० च्या दशकात चंदेरी पानांचे एक दुर्मीळ झुडूप आढळले. स्टोको (१८६८-१९५९) हे यॉर्कशायरहून येऊन तेथे स्थायिक झालेले, उतारवयापर्यंत डोंगर तुडवणारे हौशी संग्राहक होते. झुडपाला त्यांचेच नाव मिळाले : मिमेटिस स्टोकोई. झुडपे मोजकीच होती. तीही मेली आणि त्यांची गणना नामशेष वनस्पतींत झाली. पुढे ते पुन्हा उगवले, पुन्हा दिसेनासे झाले आणि दुसऱ्यांदा नामशेष ठरले. १९९९ मध्ये डोंगराला वणवा लागला, आणि त्यानंतर त्याची रोपे वर आली.

यात चमत्कार काही नाही. या झुडपाच्या बिया मुंग्या ओढून नेतात आणि जमिनीखाली पुरतात. झुडूप आगीत मरते. बी मात्र त्या आगीचीच वाट पाहत असते. नोंद करणाऱ्यांनी जमिनीवर पाहिले. जीव जमिनीखाली होता.

'आढळले नाही' हे विधान शोधणाऱ्याविषयी असते; 'उरले नाही' हे विधान सृष्टीविषयी असते. पहिला अहवाल आहे, दुसरा निवाडा. मेलेल्या वनस्पतीसाठी डोंगराची राखण कोण करील? तेथे नांगर फिरला, तर मातीतले बीही जाईल आणि आपला चुकीचा निवाडा आपल्याच हातांनी खरा ठरेल.

मग 'नामशेष' हा शब्दच टाळावा काय? तेही प्रामाणिकपणाचे नव्हे. केप टाउनच्या सखल वालुकामय भागातील एरिका व्हर्टिसिलाटा हे झुडूप विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रानातून नाहीसे झाले; त्याच्या जमिनीवर शहर पसरले होते. प्रिटोरिया, व्हिएन्ना अशा दूरच्या शहरांतील बागांत जपलेल्या झाडांमुळे वंश टिकला आणि १९९४ मध्ये रोंडेफ्ले अभयारण्यात ते पुन्हा लावता आले. रानात कोठेतरी असेलच, असे म्हणत राहणे म्हणजे झालेली हानी आणि तिचे कारण, दोन्ही झाकणे होय.

तेव्हा निवाडा देण्यापूर्वी विचारावयाचा प्रश्न एकच : त्या जीवाची जमीन शाबूत आहे काय? ती शाबूत असेल तर आपल्याकडे थांबण्याचे आणि राखण करण्याचे काम उरते. ती आपणच गिळली असेल तर 'नामशेष' हा शब्द उच्चारावा. मात्र त्यात आपला वाटा किती, हेही त्याच चिठ्ठीवर लिहावे.